अंतर्गत सुरक्षेवरील नियमन व खर्च : परिणामकारकतेच्या मूल्यमापनाचा एक विचार
(मुंबईच्या सागरी सुरक्षेपासून वरकुटे येथील पोलीस पाटलापर्यंत)

सारांश

दहशतवादी हल्ल्यानंतर सुरक्षेवरील खर्च वाढतो, नवे नियम येतात. परंतु त्या खर्चातून किती नुकसान टळले याचा हिशेब सहसा मांडला जात नाही. प्रस्तुत लेखात 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतरच्या उपाययोजनांच्या आधारे या हिशेबाची पद्धत स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. सागरी सुरक्षा योजना, मुंबईतील सीसीटीव्ही प्रकल्प, मच्छीमारांवरील व स्फोटक द्रव्यांवरील नियमन आणि ग्रामीण भागातील पोलीस पाटील ही व्यवस्था यांचा तुलनात्मक विचार करून, खर्चाचे मोजमाप मंजूर रकमेवरून न करता टळलेल्या जोखमीवरून व्हावे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : अंतर्गत सुरक्षा, जोखीम, खर्च-लाभ विश्लेषण, समविच्छेद बिंदू, सागरी सुरक्षा, पोलीस पाटील.

1. प्रस्तावना

इंदापूर तालुक्यातील वरकुटे हे गाव समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरील गस्ती नौकेशी किंवा दक्षिण मुंबईतील कॅमेऱ्याशी या गावातील शेतकऱ्याचा प्रत्यक्ष संबंध येत नाही. तरीही त्या नौकेचा व त्या कॅमेऱ्याचा खर्च ज्या करांतून भागवला जातो, त्यात त्याचाही वाटा असतो. त्याच तिजोरीतून त्याच्या गावच्या पोलीस पाटलाचे मानधन दिले जाते, त्याच्या भागातील पोलीस ठाण्याच्या वाहनाचे इंधन भरले जाते आणि पुणे-सोलापूर महामार्गावरील अपघातग्रस्तांसाठी व्यवस्था उभी करावी लागते. साधने मर्यादित असल्यामुळे एका ठिकाणी खर्च झालेला रुपया दुसऱ्या ठिकाणी उपलब्ध राहत नाही. यालाच अर्थशास्त्रात संधी-व्यय म्हणतात.

शिक्षण, पाटबंधारे किंवा आरोग्य यांवरील खर्चाबाबत 'यातून काय साधले?' हा प्रश्न सहजपणे विचारला जातो. केंद्र शासनाने 2005-06 पासून फलनिष्पत्ती अर्थसंकल्पाची पद्धत सुरू केली, ती याच भूमिकेतून. सुरक्षेच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारणे अनेकांना अनुचित वाटते. 'माणसाच्या जिवाची किंमत कशी करणार?' असे उत्तर मिळते. हे उत्तर भावनेला धरून असले तरी अपुरे आहे. कारण चुकीच्या ठिकाणी केलेल्या खर्चामुळे जे जीव योग्य खर्चाने वाचले असते ते गमावले जातात. म्हणजे हिशेब टाळल्यानेही जिवाची किंमत मोजावी लागतेच, फक्त ती कोणाला दिसत नाही.

2. मूल्यमापनाची चौकट

सुरक्षाविषयक उपायाचा लाभ तीन घटकांवर अवलंबून असतो. पहिला घटक म्हणजे तो उपाय नसता तर यशस्वी हल्ला होण्याची वार्षिक संभाव्यता. दुसरा घटक म्हणजे तसा हल्ला झाल्यास होणारे नुकसान. यात जीवितहानी, मालमत्तेची हानी व व्यवहार ठप्प झाल्याने होणारी हानी यांचा समावेश होतो. तिसरा घटक म्हणजे त्या विशिष्ट उपायामुळे जोखमीत होणारी घट. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे उपायाचा वार्षिक लाभ होय. हा लाभ वार्षिक खर्चापेक्षा अधिक असेल तर उपाय समर्थनीय ठरतो.

यांतील पहिला घटक निश्चित सांगणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून अभ्यासक उलट बाजूने विचार करतात. हल्ल्याची संभाव्यता किती असेल तर हा खर्च भरून निघेल, असा प्रश्न ते विचारतात. जेथे खर्च व टळलेले नुकसान समान होतात, तो समविच्छेद बिंदू होय. उदाहरणादाखल, एखाद्या उपायाचा वार्षिक खर्च 100 कोटी रुपये, हल्ल्याचे संभाव्य नुकसान 5,000 कोटी रुपये आणि उपायाने होणारी जोखमीतील घट 20 टक्के मानली, तर समविच्छेद बिंदू दरवर्षी 10 टक्के इतका येतो. म्हणजे त्या उपायाविना दहा वर्षांत सरासरी एक एवढा मोठा हल्ला संभवत असेल, तरच हा खर्च योग्य ठरेल. हे आकडे गृहीत आहेत. परंतु या पद्धतीने चर्चा 'सुरक्षा हवी की नको' या निष्फळ वादातून बाहेर पडते आणि 'आपण नेमके काय गृहीत धरतो आहोत' या प्रश्नावर येते.

या पद्धतीचा सर्वात परिचित उपयोग अमेरिकेच्या संदर्भात जॉन म्युलर व मार्क स्टुअर्ट या अभ्यासकांनी केला. 11 सप्टेंबर 2001 नंतरच्या दशकात अमेरिकेने देशांतर्गत सुरक्षेवर एक लाख कोटी डॉलरहून अधिक वाढीव खर्च केल्याचे त्यांनी 2011 मध्ये मांडले. तत्पूर्वी 2008 मधील विमान-सुरक्षेच्या अभ्यासात त्यांनी दोन उपायांची तुलना केली होती. वैमानिक-कक्षाचे दार मजबूत करण्यास एका वाचलेल्या जिवामागे सुमारे 8 लाख डॉलर खर्च येतो, तर विमानात सशस्त्र रक्षक बसविण्यास सुमारे 18 कोटी डॉलर खर्च येतो, असा त्यांचा अंदाज होता. दोन्ही उपायांचा हेतू एकच असूनही परिणामकारकतेत दोनशे पटींहून अधिक अंतर आढळले.

3. मंजूर खर्च आणि प्रत्यक्ष सुरक्षा

महाराष्ट्राच्या किनाऱ्याची असुरक्षितता 2008 मध्ये प्रथमच उघड झाली असे नाही. 12 मार्च 1993 च्या मुंबईतील साखळी स्फोटांत 257 व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यासाठीचे आरडीएक्स रायगड जिल्ह्यातील शेखाडी व दिघी परिसरात समुद्रमार्गे उतरविण्यात आले होते. त्यानंतर त्याच वर्षी नौदल व तटरक्षक दलाच्या साहाय्याने महाराष्ट्र-गुजरात किनाऱ्यावर 'ऑपरेशन स्वान' सुरू झाले. पुढे 2005-06 पासून नऊ किनारी राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांसाठी सागरी सुरक्षा योजनेचा पहिला टप्पा राबविण्यास प्रारंभ झाला. त्यासाठी 400 कोटी रुपये अनावर्ती व 151 कोटी रुपये आवर्ती खर्चाची तरतूद होती.

तात्पर्य, 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहा हल्लेखोर रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वसाहतीजवळ उतरले, तेव्हा योजना, तरतूद आणि सागरी मार्गाने हल्ला होऊ शकतो अशा पूर्वसूचना या तिन्ही गोष्टी अस्तित्वात होत्या. हल्ल्यात 166 जणांचा बळी गेला. हल्लेखोरांना उतरताना प्रथम पाहिले आणि हटकले ते तेथील मच्छीमारांनी. अजमल कसाब याला गिरगाव चौपाटीवर जिवंत पकडताना सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती. त्यांचे बलिदान थोरच आहे. मात्र व्यवस्थेच्या अभ्यासकाने त्यातून एक कठोर प्रश्नही घेतला पाहिजे. मंजूर झालेला खर्च त्या नाकाबंदीपर्यंत कोणत्या स्वरूपात पोहोचला होता?

राम प्रधान व व्ही. बालचंद्रन यांच्या द्विसदस्यीय समितीने 2009 मध्ये सादर केलेल्या अहवालात शस्त्रसामग्री, सराव, पूर्वसूचनांचे विश्लेषण व ठरविलेल्या कार्यपद्धतीचे पालन यांतील उणिवांकडे लक्ष वेधले. यांपैकी बहुतेक बाबी आवर्ती खर्चाच्या व व्यवस्थापनाच्या आहेत. त्यांचे उद्घाटन होत नाही, म्हणून त्या अर्थसंकल्पात मागे पडतात.

हल्ल्यानंतरच्या उपायांपैकी एकाची परिणामकारकता तुलनेने सहज मोजता येते. 2008 मध्ये राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाच्या जवानांना हरियाणातील मानेसर येथील तळावरून मुंबईत आणावे लागले होते. 2009 मध्ये या दलाचे केंद्र मुंबईत स्थापन झाले व राज्याने 'फोर्स वन' हे पथक उभारले. येथे वाचलेला वेळ तासांत मोजता येतो आणि त्याचे मूल्य 2008 च्या अनुभवावरून अजमावता येते.

4. किनाऱ्याच्या दोन अनियोजित परीक्षा

सागरी सुरक्षा योजनेचा दुसरा टप्पा एप्रिल 2011 पासून सुरू झाला. त्यासाठी 1,154.91 कोटी रुपये अनावर्ती व 425 कोटी रुपये आवर्ती खर्च मंजूर होता आणि 131 किनारी पोलीस ठाणी, 60 धक्के व 180 नौका यांची तरतूद होती. याशिवाय तटरक्षक दलाच्या किनारी निगराणी जाळ्याच्या पहिल्या टप्प्यात देशभर 46 रडार केंद्रे उभारण्यात आली. एवढ्या व्यवस्थेची परीक्षा कशी घ्यावी? दोन घटनांनी ती अनायासे घेतली.

ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले सुमारे एक हजार टनांचे 'पवित' हे मालवाहू जहाज 31 जुलै 2011 रोजी वाहत येऊन मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर रुतले. ते किनाऱ्याला लागेपर्यंत यंत्रणांच्या लक्षात आले नाही. मुंबई हल्ल्याला तेव्हा पावणेतीन वर्षे होत आली होती. रडारांचे जाळे मात्र पूर्ण व्हायचे होते. पुढे 18 ऑगस्ट 2022 रोजी रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर येथे 'लेडी हान' ही निर्मनुष्य नौका सापडली. तिच्यात तीन एके-47 रायफली व काडतुसे होती. जून महिन्यात इंजिन बिघडल्याने खलाशांची सुटका झाली होती व नौका भरकटत आली होती. घातपाताचा संबंध आढळला नाही. ती प्रथम स्थानिकांच्या नजरेस पडली आणि त्यांनी पोलिसांना कळविले.

या घटनांवरून रडार निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पावसाळी समुद्रात लहान नौका रडारवर टिपणे मुळातच अवघड असते. परंतु 2008 व 2022 या दोन्ही वेळी किनाऱ्यावरील माणसाचा डोळा प्रथम उपयोगी पडला, हे दुर्लक्षिता येणार नाही. फरक असा की 2022 मध्ये माहिती मिळताच पोलीस यंत्रणा हलली आणि जिल्ह्यात नाकाबंदी झाली. म्हणजे पाहणारा डोळा आणि प्रतिसाद देणारे ठाणे यांना जोडणाऱ्या दुव्यावर केलेला खर्च लहान असला तरी त्याचे फळ मोठे असू शकते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांतही नौकांचा अपुरा वापर आणि प्रशिक्षित मनुष्यबळाची कमतरता यांच्या नोंदी आढळतात. नौका विकत घेणे हा खर्च आहे. ती रात्री समुद्रात असणे ही सुरक्षा आहे.

5. कॅमेऱ्यांचा हिशेब

मुंबई हल्ल्यानंतर चर्चेत आलेला सीसीटीव्ही प्रकल्प प्रत्यक्षात ऑक्टोबर 2016 मध्ये पूर्णत्वास गेला. 949 कोटी रुपयांच्या या प्रकल्पात सुमारे 1,500 ठिकाणी 4,700 हून अधिक कॅमेरे बसविण्यात आले. दरम्यान 13 जुलै 2011 रोजी मुंबईत पुन्हा स्फोट झाले. विलंब हाही खर्चच असतो, हे येथे नोंदविले पाहिजे.

प्रकल्पाचे आयुष्य दहा वर्षे मानले तर वार्षिक खर्च सुमारे 95 कोटी रुपये येतो. संभाव्य हल्ल्याचे नुकसान पूर्वीप्रमाणे 5,000 कोटी रुपये व जोखमीतील घट 10 टक्के गृहीत धरल्यास समविच्छेद बिंदू वर्षाला 19 टक्के येतो, म्हणजे साधारण पाच वर्षांतून एक हल्ला. घट 5 टक्केच मानली तर तो 38 टक्के होतो. आत्मघातकी हल्लेखोर कॅमेऱ्याला घाबरत नाही, हे लक्षात घेता ही अट सोपी नाही. मात्र कॅमेऱ्यांचा उपयोग वाहतूक नियमन, चोरीचा तपास व महिलांची सुरक्षितता यांसाठीही होतो. हे पूरक लाभ मोजले तर प्रकल्पाचे समर्थन अधिक भक्कम होऊ शकते. म्हणून ज्या कारणासाठी खर्च मंजूर झाला आणि ज्या कारणाने तो प्रत्यक्षात सार्थ ठरतो, ही दोन्ही कारणे वेगळी नोंदविली पाहिजेत.

6. नियमनाचा अदृश्य खर्च

खर्च अर्थसंकल्पात दिसतो. नियमनाचा भार मात्र नागरिकांच्या वेळेत व व्यवसायात विखुरलेला असतो. 2008 नंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्यात आली, नौकांची नोंदणी व रंगसंकेत ठरविण्यात आले आणि 20 मीटरपेक्षा लांब नौकांवर स्वयंचलित ओळख यंत्रणा बंधनकारक झाली. तपासणीसाठी थांबलेल्या नौकेचा वेळ व वाया गेलेले डिझेल यांची नोंद कोणत्याही शासकीय लेख्यात होत नाही. शिवाय ज्या मच्छीमाराच्या सहकार्यावर किनाऱ्याची सुरक्षा अवलंबून आहे, तोच नियमांच्या जाचाने दुरावला तर उपायाची परिणामकारकता घटते.

सुरचित नियमनाचे एक उदाहरण शेतीशी निगडित आहे. 13 फेब्रुवारी 2010 रोजी पुण्यातील जर्मन बेकरीत झालेल्या स्फोटात 17 जणांचा मृत्यू झाला. तेथे व अन्यत्र अमोनियम नायट्रेटचा वापर झाल्याचे तपासात पुढे आले. जुलै 2011 मध्ये केंद्र शासनाने 45 टक्क्यांहून अधिक अमोनियम नायट्रेट असलेली मिश्रणे स्फोटक म्हणून घोषित केली व 2012 मध्ये त्यासंबंधीचे नियम लागू केले. उत्पादन, साठवण, वाहतूक व विक्री परवान्याखाली आली. मात्र ज्या खतांतून अमोनियम नायट्रेट वेगळे काढता येत नाही, ती खते वगळण्यात आली. त्यामुळे मुख्य भार उत्पादक, खाणमालक व सुरुंगाचे काम करणारे यांच्यावर पडला. उसाला खत देणारा इंदापूरचा शेतकरी सामान्यतः त्यातून सुटला. जोखीम जेथे केंद्रित आहे तेथे बंधन व जेथे नाही तेथे मोकळीक, हे किफायतशीर नियमनाचे लक्षण होय.

7. वरकुटे येथून पाहताना

महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 नुसार पोलीस पाटील हा गावातील कायदा-सुव्यवस्थेचा प्राथमिक दुवा आहे. गावातील घडामोडींची माहिती वरिष्ठांना देणे, गुन्ह्यास प्रतिबंध करणे व पोलिसांना साहाय्य करणे ही त्याची कर्तव्ये आहेत. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पोलीस पाटलांचे मासिक मानधन 6,500 रुपयांवरून 15,000 रुपये करण्याचा निर्णय घेतला. राज्यातील 38,725 पदे पूर्ण भरलेली धरल्यास वार्षिक खर्च सुमारे 697 कोटी रुपये होतो. मुंबईच्या कॅमेरा प्रकल्पाच्या एकूण रकमेशी तो तुलनीय आहे, परंतु तो दरवर्षी करावा लागतो. म्हणून त्याचेही मूल्यमापन तितकेच आवश्यक आहे. 'स्वस्त' दिसणारा उपाय आपोआप परिणामकारक ठरत नाही.

एका गावापुरता हा खर्च वर्षाला 1 लाख 80 हजार रुपये येतो. नदी-कालव्याकाठच्या भागात विद्युत पंप व केबल यांची चोरी ही शेतकऱ्याची नित्याची चिंता असते. अशा एका चोरीचे नुकसान, पिकाला पाणी न मिळाल्याच्या तोट्यासह, 30 हजार रुपये गृहीत धरले, तर वर्षाला सहा चोऱ्या टळल्यास मानधनाचा खर्च भरून निघतो. येथे संभाव्यतेचा तर्क लढवावा लागत नाही. इंदापूर, भिगवण व वालचंदनगर या पोलीस ठाण्यांच्या नोंदींवरून प्रतिवर्षी गुन्हे, कळविण्यास लागलेला वेळ व पोलीस पोहोचण्यास लागलेला वेळ यांची गावनिहाय तुलना करता येते. अशा अभ्यासात महाविद्यालयांतील अर्थशास्त्र, राज्यशास्त्र व संख्याशास्त्र विभागांना प्रत्यक्ष सहभाग घेता येईल.

याच ठिकाणी व्यापक तुलनाही आठवावी लागते. महाराष्ट्रात रस्ते अपघातांत दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे मरण पावतात. दहशतवादी हल्ल्याचा परिणाम मृतांच्या संख्येपुरता नसतो; तो समाजाचा विश्वास डळमळीत करतो, हे मान्य केले पाहिजे. तरीही महामार्गावरील एका धोकादायक वळणाच्या दुरुस्तीने जे जीव वाचतील, तेही त्याच तिजोरीवर तितकाच हक्क सांगतात.

8. आक्षेप व मर्यादा

या पद्धतीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की न घडलेल्या हल्ल्यांची मोजणी होत नाही. जरब बसल्याने टळलेला हल्ला नोंदीत येत नाही. हे खरे आहे. म्हणूनच निश्चित आकड्याऐवजी समविच्छेद बिंदू सुचविला जातो. दुसरा आक्षेप स्थलांतराचा आहे. एक ठिकाण सुरक्षित केल्यास हल्लेखोर दुसरे निवडतो. या आक्षेपाने तपास, गुप्तवार्ता व आपत्कालीन वैद्यकीय सेवा यांचे महत्त्व वाढते, कारण हे उपाय ठिकाणाशी बांधलेले नसतात. तिसरा आक्षेप गोपनीयतेचा आहे. तैनातीचा तपशील गोपनीय असणे रास्त आहे. परंतु नौका किती दिवस बंद होती किंवा सरावासाठी किती गोळ्या मिळाल्या, हा तपशील किमान विधिमंडळाच्या समितीपुढे येण्यास प्रत्यवाय नसावा.

9. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. सुरक्षेची पातळी मंजूर रकमेवरून ठरत नाही; 2008 चा अनुभव त्याचे दुःखद प्रमाण आहे. भांडवली खर्चासोबत इंधन, देखभाल, सराव व मनुष्यबळ यांची तरतूद नसल्यास तो खर्च परिणामशून्य होण्याचा धोका असतो. नियमनाचा नागरिकांवर पडणारा भार हाही खर्चाचाच भाग मानला पाहिजे. यास अनुसरून प्रत्येक मोठ्या सुरक्षा प्रकल्पाच्या प्रस्तावात समविच्छेद बिंदू नमूद करावा. 'सागर कवच' सारख्या सरावांत किती कृत्रिम घुसखोर पकडले गेले याची वर्षनिहाय तुलना विधिमंडळाच्या समितीस सादर करावी. आणि प्रत्येक नियमाचा ठरावीक मुदतीनंतर फेरविचार व्हावा.

मुंबईचा मच्छीमार, हरिहरेश्वरचा ग्रामस्थ व वरकुटे येथील पोलीस पाटील हे सुरक्षाव्यवस्थेचे पहिले डोळे आहेत. त्यांनी पाहिलेले ठाण्यापर्यंत किती वेळात पोहोचते आणि ठाणे तेथे किती वेळात पोहोचते, या दोन साध्या मोजमापांपासून मूल्यमापनाचा प्रारंभ करणे शक्य आहे. त्यासाठी नव्या यंत्रसामग्रीची नव्हे, तर नियमित नोंदींची आवश्यकता आहे.